घोटा, पट्टी आणि तोल

आंतरशालेय व्हॉलीबॉल सामन्यात हमखास दिसणारे एक दृश्य आहे. नेटजवळ उंच उडी मारलेला मुलगा खाली येतो, त्याचा पाय समोरच्या खेळाडूच्या पावलावर पडतो, तळवा आत वळतो आणि मुलगा घोटा धरून खाली बसतो. मग धावपळ सुरू होते. एक जण पाय ओढून ‘बसवू’ पाहतो, दुसरा तेल चोळायला घेतो, तिसरा प्रथमोपचाराच्या पेटीतून पांढरी चिकटपट्टी काढतो. पाच मिनिटांत घोट्याभोवती पट्टीचे वेढे पडतात आणि सगळ्यांच्या नजरा शिक्षकांकडे वळतात. “सर, आता खेळू दे का याला?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ही पट्टी नेमके काय करते आणि काय करत नाही, हे आपल्याला ठाऊक हवे.

पाय आतल्या बाजूलाच का मुरगळतो?

घोट्याच्या दोन्ही बाजूंची उंच हाडे बोटांनी चाचपून पाहा. बाहेरचे हाड आतल्या हाडापेक्षा थोडे खालपर्यंत आलेले जाणवेल. आतले टोक टिबियाचे, म्हणजे नडगीच्या जाड हाडाचे. बाहेरचे टोक फिब्युलाचे, म्हणजे त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचे. या दोन टोकांमध्ये एक खाच तयार होते आणि तीत पावलाचे टॅलस नावाचे हाड बसते. सुतार चौकट जोडताना एका लाकडाच्या खाचेत दुसरे बसवतो, तशीच ही रचना आहे.

हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या आतल्या अंगाला पंख्यासारखा पसरलेला एक जाड, मजबूत अस्थिबंध असतो. बाहेरच्या अंगाला मात्र तीन वेगवेगळे, त्या मानाने बारीक अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा सर्वांत दुबळा, आणि बहुतेक वेळा तोच आधी ताणला जातो किंवा फाटतो. पाऊल बाहेर वळू लागले, तर फिब्युलाचे खाली आलेले टोक आणि आतला मजबूत अस्थिबंध त्याला अडवतात. आत वळू लागले, तर अडवणारे फारसे काही नसते.

आणखी एक गोष्ट आहे. टॅलस पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल नडगीशी काटकोनात असते तेव्हा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल होतो. उडीनंतर आपण आधी चवड्यावर उतरतो. म्हणजे जमिनीला टेकण्याच्या क्षणीच घोटा सर्वांत कमी सुरक्षित असतो.

आता थोडे गणित करू. समजा, ५० किलो वजनाचा मुलगा एका पायावर उतरला आणि त्या क्षणी जमिनीने पावलावर त्याच्या वजनाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे १५०० न्यूटन बल लावले. या बलाची रेषा सांध्याच्या अक्षापासून ३ सेंमी आत सरकली, तर पाऊल आत वळवणारे आघूर्ण ४५ न्यूटन-मीटर होईल. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साडेचार किलो वजन टांगून तो दांडा दुसऱ्या टोकाला धरून आडवा ठेवून पाहा, म्हणजे या आघूर्णाची कल्पना येईल.

पट्टी काय करते?

घोट्याला चिकटपट्टी बांधण्याची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद गिबनी यांनी १८९५ साली तिचे वर्णन केले. आजही तत्त्व तेच आहे. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचे. घोट्याच्या वर एक पट्टी आधारासाठी गोल गुंडाळायची. मग न ताणणाऱ्या, साधारण ३८ मिमी रुंद पट्ट्या आतल्या बाजूने खाली आणून, टाचेखालून घेऊन, बाहेरच्या बाजूने वर ओढून चिकटवायच्या. शेवटी टाचेला वेढे घालून सगळे बांधून टाकायचे. ओढ आतून बाहेर असते, कारण तळव्याला आत वळू द्यायचे नसते.

मग घोटा जखडला जातो का? पहिली काही मिनिटे बऱ्यापैकी. अमेरिकेत रॅरिक आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप केले. दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर पट्टीचा सुमारे ४० टक्के आधार नाहीसा झाला होता. याचे कारण समजणे अवघड नाही. पट्टी हाडाला चिकटलेली नसते, ती त्वचेला चिकटलेली असते. त्वचा हाडावर सरकते, घाम येतो, डिंक सुटतो, कापड ढिले पडते.

पण म्हणून पट्टी निरुपयोगी ठरत नाही. गॅरिक आणि रेक्वा यांनी १९७३ मध्ये एका विद्यापीठातील बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका खेळाडूने एक सामना खेळला की एक ‘खेळाडू-सामना’, असा हिशेब धरला, तर पट्टी न बांधलेल्यांत दर हजारामागे सुमारे ३३ वेळा घोटा मुरगळला, पट्टी बांधलेल्यांत सुमारे १५ वेळा. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता, त्यांना फायदा अधिक झाला.

सैल झालेली पट्टी उपयोगी पडते ती कशी? ती पावलाला टोकाच्या स्थितीपर्यंत जाऊ देत नाही, आणि हवेत असताना पाऊल फार झुकू देत नाही. शिवाय त्वचेवरील ओढीमुळे खेळाडूला पावलाची स्थिती अधिक चांगली कळते, असेही एक मत आहे. मात्र त्याबाबतच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

मदत उशिरा पोहोचते

पावलाला बाहेर खेचणारे पेरोनियल स्नायू पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असतात. पाऊल आत वळू लागताच ते आपोआप आखडतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण तिला सुरू व्हायलाच सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो, आणि पुरेसे बल निर्माण व्हायला त्याहून अधिक. अस्थिबंध फाटण्याची घटना सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत घडून गेलेली असते. म्हणजे मदत निघते, पण वेळेवर पोहोचत नाही.

म्हणून स्नायूंनी पाय टेकण्याच्या आधीच सज्ज असले पाहिजे. त्यासाठी पाऊल हवेत कोणत्या कोनात आहे हे मेंदूला न पाहता कळायला हवे. ही जाणीव स्नायू, कंडरा, अस्थिबंध आणि त्वचा यांतील संवेदकांकडून येते. लंडनचे अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी १९६५ मध्ये असे सुचवले, की अस्थिबंध फाटतो तेव्हा त्यातले संवेदी चेतातंतूही दुखावतात आणि म्हणून पाय पुन्हा पुन्हा ‘दगा देतो’. त्यांनी अशा रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर उभे राहण्याचा सराव दिला. पुढे या कल्पनेत बरीच भर पडली, पण सरावाचा मार्ग टिकून राहिला.

एक प्रयोग वर्गातच करता येईल. मुलांना अनवाणी एका पायावर ३० सेकंद उभे राहायला सांगा. शेजाऱ्याने घोट्याभोवतीच्या कंडरांकडे पाहावे. त्या सतत हलताना दिसतील. आता तेच डोळे मिटून करा, मात्र सावरायला शेजारी कोणी हवे. बहुतेकांचा तोल लवकर जाईल. पूर्वी ज्या पायाचा घोटा मुरगळला आहे, तो दुसऱ्यापेक्षा अधिक डगमगतो का, याची नोंद ठेवा.

सरावाने काय साधते?

नॉर्वेत बार आणि सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉल खेळाडूंना उडीचे व उतरण्याचे तंत्र शिकवले, आणि ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांना तोलफळीचा सराव दिला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घोटा मुरगळण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. नेदरलँड्समध्ये २००१-०२ च्या हंगामात व्हॉलीबॉल संघांनी तोलफळी वापरली. फायदा झाला तो प्रामुख्याने पूर्वी दुखापत झालेल्यांना. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ७६५ शालेय खेळाडूंवरील २००६ च्या अभ्यासात तोलाच्या सरावाने दुखापती ३८ टक्क्यांनी घटल्या. तेथेच २०११ मध्ये १४६० शालेय बास्केटबॉल खेळाडूंत नाडी बांधायच्या घोटापट्ट्याने हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. पण जे मुरगळले, त्यांची दुखापत सौम्य झाली असे दिसले नाही.

चिकटपट्टी बांधायला दर सामन्याला नवे रीळ आणि सराईत हात लागतो. घोटापट्टा विद्यार्थी स्वतः बांधू शकतो आणि तो पुन्हा वापरता येतो. तोलाचा सराव तर जवळजवळ फुकट आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाची पहिली दहा मिनिटे पुरतात. क्रम असा ठेवावा: एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून, मग तसेच उभे राहून चेंडू झेलणे, मग घडी घातलेल्या सतरंजीवर, आणि शेवटी लंगडी उडी मारून उतरल्या जागी स्थिर राहणे. साधारण ४० सेंमी चौरस फळीच्या खाली मधोमध अर्धगोल दांडी ठोकली की शाळेचीच तोलफळी तयार होते. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांना शक्यतो दोन्ही पायांवर आणि आपल्याच मैदानात उतरण्याची सवय लावावी.

आता त्या प्रश्नाचे उत्तर

पाय नुकताच मुरगळला असेल तर ओढू नये, चोळू नये. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे लावावा, बेताचा दाब देणारे बँडेज बांधावे, पाय उंच ठेवावा. हाड मोडले असल्याची शंका कधी घ्यावी, याचे सोपे नियम १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे तयार झाले. मुलाला चार पावले टाकता येत नसतील. घोट्याच्या दोन्ही हाडांपैकी एखाद्याच्या खालच्या ६ सेंमी भागाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल. अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरचा उंचवटा किंवा आतल्या कडेला घोट्यापुढचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टरांकडे नेऊन क्ष-किरण चित्राबद्दल विचारावे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर असतो, म्हणून मुलांच्या बाबतीत शंका आली तर दाखवलेले बरे.

यांपैकी एकही खूण नसली तरी मुलाने खेळायला हरकत नाही असा अर्थ होत नाही. अस्थिबंध भरून यायला काही आठवडे लागतात, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते. वेदना न होता चालता, धावता आणि त्या पायावर दुसऱ्या पायाइतक्याच लंगड्या उड्या मारता येईपर्यंत सामना नाही. तेव्हा कुठे पट्टीचे किंवा घोटापट्ट्याचे काम सुरू होते.

म्हणून त्या सामन्यापुरते शिक्षकांचे उत्तर ‘नाही’ असेच हवे. मुलगा रुसेल, कदाचित सामनाही हातचा जाईल. पण दहावीत सांभाळलेला घोटा त्याला पुढे कित्येक वर्षे खेळू देईल. आमची एक सूचना आहे: शाळेत एक वही ठेवा. कोणाचा, कोणता पाय, कोणत्या खेळात, कसा मुरगळला, हे तिच्यात लिहा. तोलाचा सराव सुरू करून वर्षाअखेरीस ती पुन्हा उघडा. विज्ञान आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही विषयांच्या शिक्षकांना मिळून करता येईल असा तो एक चांगला प्रकल्प होईल.