पहिले अवजार कोळपणीचे

मराठवाड्यात शेतीचे पहिले अवजार घेण्याची वेळ बहुतेकांवर वाटणीनंतर येते. एकत्र कुटुंबात बैलजोडी, तिफण, वखर, कोळपी असा सगळा बारदाना असतो. वाटणी झाली की जमीन भावाभावांत सरळ तुटते, पण बैलजोडी तुटत नाही. ती एकाच्या दावणीला जाते, नाहीतर विकून पैसे वाटून घेतले जातात. तीन-चार एकरांचा सातबारा हाती आलेल्या नव्या घराकडे खुरपे आणि विळा सोडला तर काहीच उरत नाही. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या अशा घरासमोर आज हाच प्रश्न आहे: हाताशी थोडाच पैसा आहे, खरिपात बहुतेक रान सोयाबीनखाली जाणार आहे, मग पहिला पैसा कोणत्या अवजारात घालायचा? गावात याचे उत्तर सहसा ट्रॅक्टरपासून सुरू होते आणि परवडत नाही म्हणून खाली उतरत जाते. मला ही दिशाच चुकीची वाटते. अवजाराची निवड त्याच्या किमतीवरून किंवा ताकदीवरून करू नये. कोणते काम थांबू शकत नाही, हे पाहून करावी.

शेतीतली कामे या नजरेने वेगळी करून पाहा. नांगरणी रब्बीचे पीक निघाल्यावर मार्चपासून मेअखेरपर्यंत कधीही होते. आज ट्रॅक्टर मिळाला नाही तर आठ दिवसांनी मिळेल, पिकाचे काही बिघडत नाही. मोगडणी, रोटाव्हेटर, शेणखत पसरणे या कामांचेही तसेच. सोयाबीनची कापणी मात्र थांबत नाही, कारण शेंगा तडकतात आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. पण कापणी उक्ती देता येते, आणि कापलेले पीक बनीम घालून ताडपत्रीखाली नीट झाकले तर रास करायला मळणी यंत्राची वाट पाहता येते. (चांगली, पुरेशा मापाची ताडपत्री अवजारात मोजत नाहीत. तरी ती घरात असलीच पाहिजे.) फवारणीचा पंप बहुतेक घरांत आधीच असतो, नाहीतर भावकीत मिळतो. थांबू न शकणारी आणि गावातल्या सगळ्यांची एकाच दिवशी निघणारी अशी खरी कामे दोनच उरतात, पेरणी आणि कोळपणी. थांबणारे काम भाड्याने करून घ्यावे आणि न थांबणारे स्वतःच्या हाती ठेवावे, एवढाच माझा निकष आहे.

त्याच निकषावर ट्रॅक्टरचा हिशेबही करावा. चार एकरांत नांगरणीला एकरी दीड-दोन तास, रोटाव्हेटरला तास-सव्वा तास आणि पेरणीला तासाभराच्या आत लागतो असे धरले, तर वर्षभरात ट्रॅक्टरला पंधरा-वीस तासांचे काम मिळते. दुसरे पीक धरून तीस तास म्हणू. ही सगळी कामे भाड्याने करून घेतली आणि एकरी चार हजार रुपये पडले, तर एका हंगामाचे सोळा हजार होतात. उलट सात लाखांच्या ट्रॅक्टरवर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच सत्तर हजार रुपये होते. मुद्दल, डिझेल आणि दुरुस्ती त्याच्या वर. यावर ठरलेले उत्तर येते की ट्रॅक्टर भाड्याने चालवू. चालवता येतो, पण तो मग व्यवसाय झाला. त्याचा विचार व्यवसाय म्हणून करावा: गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, उधारी किती राहते, वसुलीला कोण फिरणार. शिवाय पेरणीच्या दिवसांत भाड्याने फिरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे स्वतःचेच रान मागे पडते. आणखी एक गोष्ट सहज सुटून जाते. एवढे कर्ज काढूनसुद्धा पेरलेल्या सोयाबीनमध्ये हा मोठा ट्रॅक्टर घालता येत नाही. पीक वितीएवढे झाले की तो बांधावर उभा राहतो, आणि तण नेमके त्याच दिवसांत वाढत असते.

पेरणीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. पेरणी चुकली तर हंगामच चुकतो, मग पहिले अवजार पेरणीचे का नको? सोयाबीनचे बी नाजूक असते. ते तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले आणि वरून पावसाने जमीन दडपली की कोंब वर येत नाही. 2020 च्या खरिपात मराठवाडाभर बी न उगवल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. बियाण्याची प्रत हा त्यात मोठा मुद्दा होता, पण पेरणीची खोली आणि पेरणीवेळची ओल यांचीही चर्चा तेव्हा झाली. ज्याचे रान एक-दीड एकर आहे, त्याने ढकलायचे किंवा हाताने दाबायचे टोकण यंत्र जरूर घ्यावे. त्यात बी कमी लागते आणि खोली आपल्या हातात राहते. पण तीन-चार एकरांच्या घरासाठी मी पेरणीला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पेरणी हंगामात एकदाच होते, दिवसभरात उरकते, आणि पेरणी यंत्रवाल्याशी आधी बोलून, थोडा विसार देऊन, शेजारच्या चार घरांचे रान एकत्र दाखवून आपला नंबर लावता येतो. रुंद सरी वरंब्याचे बीबीएफ यंत्र लातूर-नांदेडमध्ये कृषी विभागाने आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने गटांपर्यंत पोहोचवले. भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा करणारी ही पद्धत मुळात इक्रिसॅटच्या पाटणचेरू केंद्रावर विकसित झाली, आणि तिचा उपयोग निर्विवाद आहे. पण हे यंत्र ट्रॅक्टरमागे चालते. एकट्या लहान घराने ते विकत घेण्यात अर्थ नाही, ते गटाचेच असावे.

कोळपणीला असा नंबर लावता येत नाही. सोयाबीन पेरल्यापासून पहिले तीस-चाळीस दिवस तणमुक्त राहिले तर पुढे त्याचा पाला ओळी झाकतो आणि तण आपोआप दबते. या दिवसांत दोन कोळपण्या व्हाव्या लागतात, एक पंधरा-वीस दिवसांनी आणि दुसरी तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास. पण हाच काळ जुलैच्या झडीचा असतो. मांजरा किंवा गोदावरीकाठच्या भारी रानात पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवस पाय ठेवता येत नाही. मग वाफसा येतो, तो तीन-चार दिवस टिकतो आणि पुन्हा आभाळ येते. त्या तीन-चार दिवसांत गावातली प्रत्येक बैलजोडी तिच्या मालकाच्या रानात असते आणि खुरपणीच्या बायकांना दहा ठिकाणांहून बोलावणे असते. ज्याच्याकडे काही नाही त्याची पाळी येईपर्यंत वाफसा गेलेला असतो. पंधरा दिवसांनी तेच तण गुडघ्याएवढे होते. तेव्हा मजुरी दुप्पट लागते आणि नुकसान तर होऊन गेलेले असते. दाराशी अवजार असले की या तीन दिवसांपैकी पहिल्याच दिवशी सकाळी रानात उतरता येते. अवजाराची खरी किंमत या एका सकाळी वसूल होते.

कोळपणीचे दुसरे काम तणापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. काळी जमीन उघडीप पडली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. कोळप्याची पास वरचा दोन बोटांचा थर मोकळा करते, भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते. म्हणूनच एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणत आली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये हे वेगळे पटवून द्यायला नको. फुले लागताना किंवा शेंगा भरताना पावसाचा खंड पडतो, तेव्हा कोळपलेले आणि न कोळपलेले रान बांधावरून ओळखू येते.

इथे तणनाशकाचा आक्षेप येतो, आणि तो आज बहुतेक शेतकरी कृतीतूनच घेतात. इमाझेथापायरसारखे तणनाशक पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, तण दोन-चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना मारले तर काम करते. मजूर मिळत नसताना माणूस त्याकडे वळतो यात गैर काही नाही. पण त्याचीही वेळ तितकीच अरुंद आहे, झडीत फवारणी वाया जाते, आणि केन्यासारखे तण त्यातून पुष्कळदा वाचते. भेगा तर फवाऱ्याने बुजत नाहीत. कोळपणीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. केन्याचे कापलेले तुकडे ओल्या मातीत पुन्हा मुळ्या धरतात, म्हणून ऊन पडलेला दिवस साधावा लागतो. शिवाय ओळीतले, झाडाला लागून असलेले तण कोळप्याला सापडत नाही, ते खुरप्यानेच काढावे लागते. पण दोन ओळींमधले रान आधी साफ झालेले असले की खुरपणीला निम्म्याहून कमी माणसे पुरतात. तणनाशक मारलेल्या रानातही दुसरी कोळपणी करावीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप शरीराचा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एक एकरात ओळींची लांबी जवळजवळ नऊ किलोमीटर भरते. सायकल कोळपे, म्हणजे पुढे एक चाक, मागे पास आणि हातात दांडा, हे ढकलत नऊ किलोमीटर चालणे म्हणजे एक एकर. दिवसाला अर्धा एकर धरला तर दोन माणसांना चार एकरांचे चार दिवस लागतात आणि वाफसा जेमतेम पुरतो. 2025 च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने स्वतःलाच औताला जुंपून घेतल्याचे चित्र देशभर पाहिले गेले. त्यावर हळहळ खूप व्यक्त झाली, पण बैल नसलेल्या घराची अडचण पिकातल्या आंतरमशागतीला येऊन ठेपते, ही त्यातली शेतीची गोष्ट फारशी बोलली गेली नाही. म्हणून कोळपणीचे अवजार म्हणताना मी एकच वस्तू सर्वांना सुचवत नाही. दोन-अडीच एकरांपर्यंत, हलक्या किंवा मध्यम जमिनीत आणि घरात दोन धडधाकट माणसे असताना सायकल कोळपे पुरते. ते दोन-तीन हजारांत येते. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. बाजारभाव त्याखाली गेला तरी एका क्विंटलच्या आत हे अवजार बसते. चार-पाच एकर भारी रान असेल किंवा घरातली माणसे वयस्क असतील तर इंजिनावरचे लहान पॉवर वीडर पाहावे, तेही शक्यतो दोघा भावांत मिळून.

बैलजोडीचा पर्याय मी मोडीत काढणार नाही. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या जाती याच मातीतल्या. माळेगावच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आजही त्यांची पारख करणारे लोक आहेत. बैल कोळपे ओढतो, चिखल थोडा जास्त असला तरी चालतो आणि शेणही देतो. पण जोडीला लाखाच्या पुढे किंमत मोजावी लागते आणि वर्षातले थोडे दिवस काम असले तरी वैरण वर्षभर लागते. चार एकर सोयाबीनवाल्याकडे कडबा नसतो आणि सोयाबीनच्या भुसावर जोडी पोसत नाही. ज्वारी पुन्हा पेरणार असाल, दूधदुभते ठेवणार असाल, तर जोडीचा हिशेब बसू शकतो. नुसत्या कोळपणीसाठी तो बसत नाही.

अनुदानाकडे पाहून मोठे यंत्र घेण्याचा मोह होतो. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात अल्पभूधारकांना, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, पण कमाल मर्यादा ठरलेली असते, पूर्वसंमती मिळण्याआधी केलेली खरेदी धरली जात नाही, आणि पैसे खरेदीनंतर खात्यात येतात. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम स्वतःच उभी करावी लागते. पॉवर वीडर घ्यायचे असेल तर अर्ज उन्हाळ्याच्या आधीच करावा आणि त्याच कंपनीचे सुटे भाग उदगीर, देगलूर, नायगाव अशा जवळच्या बाजारात मिळतात का, हे आधी विचारावे. सायकल कोळप्याला एवढा व्याप नाही, पण घेताना ते हातात धरून चालवून पाहावे. दांड्याची उंची कमी-जास्त करता आली पाहिजे, कारण ते नवरा-बायको दोघेही चालवणार. अठरा इंचांच्या ओळीत दोन्ही बाजूंना चार-चार इंच सोडले तर पास नऊ-दहा इंचांपेक्षा रुंद चालत नाही, आणि भारी जमिनीत एका माणसाला तीही जड जाते. म्हणून सहा इंचांची एक आणि नऊ इंचांची एक, अशा दोन पासा गावच्या लोहाराकडून करून घ्याव्यात, आणि त्याही वैशाखात, कारण मृग लागला की त्याच्या भात्यापुढे रांग लागते. सगळ्यात महत्त्वाचे, पेरणी भाड्याच्या यंत्राने होणार असेल तर चालकाला ओळीतले अंतर आधीच सांगावे, आणि फण लावताना उभे राहून टेपने मोजून घ्यावे. दोन फणांत कुठे पंधरा इंच आणि कुठे वीस इंच अंतर पडले तर जुलैत पास एका ओळीत झाडे कापते आणि दुसरीत तण सोडते, आणि तेव्हा ओळ हलवता येत नाही.