व्यक्तिचित्रातला पुरुष: मुंबईच्या एका परंपरेचा मागोवा

वास्तववादी व्यक्तिचित्रण मुंबईत रुजले ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत विद्यार्थी आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश अभ्यासत आणि मग जिवंत मॉडेलकडे वळत. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, तिच्या प्रदर्शनांनी चित्रकारांना नाव मिळवून दिले. संस्थानिक आणि शेठ-सावकार चित्रे काढून घेऊ लागले.

मागणीवरच्या या चित्रांत साम्य चोख असे. पगडी, जर, पदके यांवर मेहनत दिसे. भाव मात्र बहुधा एकच, पदाला शोभणारा गंभीरपणा. चित्रकाराचा कस लागला तो ‘हेड स्टडी’त, म्हणजे केवळ चेहऱ्याच्या अभ्यासचित्रात. तिथे खूश करायला गिऱ्हाईक नव्हते. एखादा फकीर किंवा थकलेला म्हातारा समोर बसवून प्रकाश कुठून घ्यायचा, काय अपुरे सोडायचे, हे चित्रकारच ठरवी.

गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हटले गेले, ते छायाप्रकाशावरील हुकमतीमुळे. या पद्धतीत प्रकाश एका बाजूने येतो. कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा यांवर रंग जाड बसतो. सावलीत तो पातळ, पारदर्शक राहतो. डोळ्यांच्या खाचा अंधारात गेल्या की चेहरा आपोआप अंतर्मुख होतो. ओठ वा भुवया मुद्दाम वाकवाव्या लागत नाहीत. भाव चेहऱ्याच्या हावभावांपेक्षा प्रकाशातून जास्त येतो, हे या अभ्यासचित्रांनी सिद्ध केले.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी तोच परिणाम जलरंगात साधला, आणि हे अधिक अवघड. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. एकदा रंग लागला की तो उजेड परत आणणे कठीण. दाढीचा पांढरेपणा, कातडीवरची चमक हे सारे आधीच मनात पक्के असावे लागते. तैलरंगातली दुरुस्तीची सोय इथे नाही. म्हणूनच त्यांच्या जलरंगातल्या व्यक्तिचित्रांचा टवटवीतपणा विशेष मोलाचा आहे.

१९३६ नंतर संचालक चार्ल्स जेरार्ड यांच्या कारकिर्दीत जे. जे. स्कूलमध्ये आधुनिक वारे शिरले. पुढे १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा राहिला. त्यातल्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी पुरुषी मस्तके जाड काळ्या रेषांत रंगवली, डोळे कपाळावर नेले. साम्य गेले, भाव उरला आणि तो अधिक उग्र झाला. साम्य जपणारी जुनी परंपरा मात्र आजही पाहता येते: त्रिंदाद यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे.