जालन्याचा हापसा

गावातला हापसा पहाटे सुरू होतो आणि निजानीज होईपर्यंत त्याला उसंत नसते. बाया, शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, जो येईल तो दांड्यावर जोर टाकतो. साठच्या दशकात बसवलेले बिडाचे पंप मात्र एका घराच्या परसात चालावेत अशा बेताने आखलेल्या विलायती पंपांच्या नकला होत्या. अख्ख्या गावाचा भार त्यांना पेलेना. खिळी झिजायची, दांडा लचकायचा आणि बोअरमध्ये पाणी असूनही बाया पुन्हा आडाची वाट धरायच्या. युनिसेफने १९७४च्या सुमारास पाहणी केली, तेव्हा जवळजवळ ७५ टक्के पंप बंद आढळले.

या दुखण्यावरचा उपाय मराठी मुलखातल्या ख्रिस्ती मिशनांच्या पाणीकामातून निघाला. तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

जालन्यातलं मिशन जुनं. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. त्यांचं काम मुख्यतः मांग समाजात होतं. ज्यांना गावच्या विहिरीला शिवू दिलं जात नसे, त्यांच्यात राहणाऱ्याला पाण्याचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे १९६०नंतरच्या दुष्काळी वर्षांत उघड्या विहिरींनी तळ गाठला, तेव्हा मिशनं बोअरकडे वळली. आपला खडक काळा, कठीण. सुरुंग लावून विहीर पाडायला महिनोन्‌महिने जातात. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा मात्र भोकाच्या तळाशी जाऊन खडक फोडतो, हवाच चुरा वर फेकते आणि काम काही दिवसांत उरकतं.

पण भोक पाडलं म्हणजे पाणी मिळालं असं नव्हे. खरी कारागिरी त्यानंतरची. जालन्याच्या मिशनने बिडाऐवजी पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा पंप बनवला. सोलापूर वेल सर्व्हिसमध्ये त्याला आणखी सुधारलेलं रूप मिळालं. तिथल्या कामात ऑस्कर कार्लसन हे स्वीडिश अभियंते होते. यातली साखळीची युक्ती मला फार आवडते. दांड्याचं टोक कमानीत फिरतं. सळई त्याला थेट जोडली, तर दर हिसक्याला ती तिरकी ओढली जाते आणि सांधे खिळखिळे होतात. म्हणून टोकाला गोलाईचा तुकडा बसवून त्यावरून साखळी सोडली. सळई कायम सरळ उभी राहिली. साखळी ओढते, पण ढकलत नाही, त्यामुळे सळई आपल्याच वजनाने खाली उतरते. खोल बोअरमध्ये हे वजन पुरेसं असतं. इतकी साधी गोष्ट, आणि पंप टिकू लागले.

सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन सरकार आणि युनिसेफ यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने तो तयार केला. त्यावर कुणाची मालकी ठेवली नाही, म्हणून तो पुढे आफ्रिकेतही पोचला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप तयार झाले होते.

नारूची आठवण ज्या घरांत असेल, त्यांना याचं महत्त्व अधिक कळेल. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायच्या बारवांतून तो रोग पसरे. वरून बंद असलेल्या बोअरमध्ये त्याला शिरकाव नव्हता. पाणी गाळणं, बारवांवर औषध टाकणं, घरोघर रुग्ण शोधणं या सरकारी मोहिमेच्या जोडीला हातपंप उभे राहिले. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला.

मार्क टूची एक अडचण राहिली. तळाचा चामडी वायसर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्यासाठी माणसं आणि अवजारं तालुक्याहून येईपर्यंत गाव खोळंबतं. वरूनच दट्ट्या काढता येईल असा मार्क थ्री त्यासाठीच आला.

मग मात्र भूजलच खाली गेलं. ऊस आणि फळबागांसाठी शेजारी आणखी खोल बोअर पडले आणि धडधाकट हापसे कोरडे झाले. पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये, असा कायदा राज्याने १९९३ मध्ये केला. तो पाळला फारच थोड्या ठिकाणी गेला. त्याच वर्षी नगरला फादर हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभा केला. बाकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून जालना तालुक्यातल्या कडवंचीतही पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून माथा ते पायथा समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले.