घरचे इंटरनेट आणि दवाखान्याचा हिशेब

धुळे तालुक्यातील सोनगीर हे मुंबई-आग्रा मार्गावरील गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात सर्वपरिचित आहे. एकाच छपराखाली कारागिरी आणि संसार चालविणे अशा गावांना नवे नाही. ग्रामीण वैद्याचे घरही बहुधा याच घडणीचे असते. पुढच्या खोलीत रुग्णतपासणी, शेजारी औषधांचे कपाट आणि माजघरात कुटुंब. अशा घरातील वीज, पाणी व भाडे यांत व्यवसायाचा वाटा किती, हा प्रश्न जुना आहे. त्यात आता इंटरनेटच्या देयकाची भर पडली आहे. हे देयक व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविता येते काय, अशी पृच्छा व्यवसायबंधूंकडून वारंवार होते. म्हणून प्रस्तुत विषयाचा थोडा विस्ताराने विचार करीत आहोत.

या बाबतीत वैद्यवर्गात दोन टोके आढळतात. काही जण ‘घरचे बिल’ म्हणून एक रुपयाही हिशेबात धरीत नाहीत, तर काही जण संपूर्ण देयक दवाखान्याच्या नावे टाकून मोकळे होतात. आमच्या मते दोन्ही मार्ग सदोष आहेत. औषधाप्रमाणे येथेही प्रश्न मात्रेचा आहे.

कायद्याची भूमिका

आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ३७(१) नुसार जो खर्च भांडवली नाही, वैयक्तिक नाही आणि संपूर्णतः व केवळ व्यवसायासाठी केलेला आहे, तो उत्पन्नातून वजा करता येतो. १९२२ च्या जुन्या आयकर कायद्यातही असेच सूत्र होते. येथे ‘केवळ’ हा शब्द वाचून अनेक जण बिचकतात. तथापि, मुंबईच्या ससून जे. डेव्हिड अँड कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्पष्ट केले, की खर्च अपरिहार्यच असला पाहिजे अशी कायद्याची अट नाही. तो व्यवसायाच्या हेतूने केलेला असणे पुरेसे आहे.

घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरला जात असेल, तर भाडे व दुरुस्ती यांचा प्रमाणशीर हिस्सा कलम ३८(१) खाली मिळतो. यंत्रसामग्री, फर्निचर इत्यादी वस्तू अंशतःच व्यवसायासाठी वापरल्या जात असतील, तर कलम ३८(२) नुसार वजावट योग्य प्रमाणापुरती मर्यादित होते. इंटरनेटचे देयक ही यंत्रसामग्री नव्हे. पण तर्क तोच आहे. कुटुंबाच्या वापराचा भाग वैयक्तिक म्हणून वगळावा आणि व्यवसायाचा भाग खर्च म्हणून धरावा. आपल्या कायद्यात यासाठी ठरावीक टक्केवारी दिलेली नाही. ब्रिटनमध्ये घरून व्यवसाय करणाऱ्यांसाठी खर्चाचे ठोक दर आहेत. मात्र दूरध्वनी व इंटरनेट त्यांतून वगळून त्यांचा प्रत्यक्ष हिस्साच काढावा लागतो.

वैद्याच्या व्यवसायात इंटरनेटचे स्थान काय, असे कोणी विचारल्यास उत्तर तयार आहे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी वैद्यकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. ती परिषद जाऊन २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोग आला; परंतु दूरस्थ सल्ला व्यवहारात रुळला तो कायमचा. प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांच्या मागण्या, बँकेचे व्यवहार आणि कराची विवरणपत्रे हे सारे आज याच तारेवरून होते.

पहिला प्रश्न : आपला मार्ग कोणता?

टक्केवारी काढण्यापूर्वी आपण विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरतो, हे पाहणे अगत्याचे आहे. कलम ४४अडअ (इंग्रजी अक्षरांत ४४एडीए) ही अनुमानित उत्पन्नाची योजना आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून आली. वार्षिक एकूण जमा ५० लाखांपर्यंत असणाऱ्या व्यावसायिकाने जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, अशी तिची रचना आहे. रोख जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर २०२३-२४ पासून ही मर्यादा ७५ लाख झाली. या योजनेत कलम ३० ते ३८ खालील सर्व खर्च आधीच वजा झाले असे मानले जाते. म्हणजे इंटरनेटचा खर्च उरलेल्या निम्म्या रकमेत सामावलेला असतो. तो पुन्हा वेगळा मागता येत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी कलम ४४एडी आहे. तेथे उलाढालीची मर्यादा २ कोटी, तर रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटी आहे. उत्पन्न ८ टक्के, व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के धरले जाते. तेथेही स्वतंत्र खर्च मिळत नाही. जे वैद्य रुग्ण तपासतात आणि स्वतःचे औषधी दुकानही चालवितात, त्यांनी विशेष सावध राहावे. कलम ४४एडी च्या उपकलम (६) मध्ये वैद्यकीय व्यावसायिक त्या योजनेतून वगळलेले आहेत. आपल्या दुकानाला ती लावता येईल काय, हे सनदी लेखापालांना विचारूनच ठरवावे.

तात्पर्य, इंटरनेटची वजावट हा प्रश्न प्रत्यक्ष जमाखर्च ठेवणाऱ्यांचा आहे. वैद्याने निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखविले आणि त्याचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असले, तर हिशेबाची पुस्तके व लेखापरीक्षण दोन्ही आवश्यक ठरतात. त्या परीक्षणाचे शुल्क वाचणाऱ्या करापेक्षा अधिक नाही ना, हेही पाहावे. नव्या करप्रणालीत बऱ्याच गुंतवणुकीच्या वजावटी गेल्या. व्यवसायाचे खर्च मात्र तेथेही वजा होतात.

मात्रा कशी ठरवावी?

सोनगीरसारख्या गावातील एक कल्पित वैद्य घेऊ. त्यांचे मासिक देयक ६०० रुपये व १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ७०८ रुपये, म्हणजे वर्षाला ८,४९६ रुपये. त्यांनी दोन आठवडे साध्या वहीत वापराची नोंद ठेवली. दोन उपकरणे एकाच वेळी चालू असल्यास प्रत्येकाचे तास वेगळे मोजले. एकूण १०० तासांपैकी ४० तास दवाखान्याचे निघाले. उरलेले मुलांचा अभ्यास, दूरचित्रवाणी व घरगुती कामांचे. प्रमाण ४० टक्के आणि वजावट सुमारे ३,३९८ रुपये.

२० टक्के दराच्या टप्प्यातील व्यक्तीचा यातून उपकरासह सुमारे ७०७ रुपये कर वाचतो, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे देयक. आता त्यांनी संपूर्ण देयक दाखविले असते तर आणखी सुमारे १,०६० रुपये वाचले असते. या १,०६० रुपयांसाठी कोणता धोका पत्करला जातो? कलम २७०अ (२७०ए) नुसार उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के दंड होतो. पुराव्याशिवाय खर्च दाखविणे हे मात्र चुकीच्या माहितीत मोडते आणि तेथे दंड २०० टक्के आहे. शिवाय एक नोंद खोटी ठरली की अधिकाऱ्याची नजर भाडे, वाहन, वीज अशा इतर नोंदींकडेही वळते. हानी इंटरनेटच्या बिलाची होत नाही, ती साऱ्या वहीच्या विश्वासार्हतेची होते.

दवाखान्यासाठी वेगळी जोडणी घेतल्यास तिचे पूर्ण देयक निःशंकपणे खर्च ठरते. कामासाठी गरज असेल तर ती अवश्य घ्यावी. केवळ कर वाचविण्यासाठी वर्षाला आणखी ८,४९६ रुपये खर्चणे मात्र शहाणपणाचे नाही. तसेच २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. अशांना या वजावटीने कर वाचणार नाही. खरा नफा कळतो, एवढाच लाभ.

राउटर आणि वस्तू व सेवा कर

राउटर विकत घेतल्यास तो भांडवली खर्च होय. त्यावर घसारा मिळतो. डेटाक्राफ्ट इंडिया या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई येथील विशेष पीठाने २०१० मध्ये संगणकासोबत वापरला जाणारा राउटर संगणकाच्याच वर्गात धरला. या वर्गाचा घसारा दर पुढे ४० टक्के करण्यात आला. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास निम्माच घसारा मिळतो आणि घरगुती वापराचा हिस्सा येथेही वगळावा लागतो.

केवळ रुग्णसेवा करणाऱ्या वैद्यांची सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. त्यामुळे त्यांना देयकातील कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. करासह संपूर्ण रक्कम हाच त्यांचा खर्च. नोंदणीकृत औषधविक्रेत्याला व्यवसायाच्या हिश्शापुरते क्रेडिट घेता येते; त्यासाठी देयकावर आपला नोंदणी क्रमांक असावा. ज्या कराचे क्रेडिट घेतले, तोच पुन्हा खर्चात धरता येत नाही. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांना क्रेडिट नाही.

नोंदींचे पथ्य

जुन्या नियमांतील नमुना ३सी ही वैद्यकीय व्यावसायिकांची रोजची रुग्णनोंदवही. तिच्या शीर्षकातच वैद व हकीम यांचा उल्लेख आहे. ही वही नीट ठेवलेली असेल तर इंटरनेटच्या वाट्याला ती उत्तम आधार देते, कारण दूरस्थ सल्ल्याची तारीख व शुल्क तेथे दिसते. जोडणी शक्यतो स्वतःच्या नावे असावी, देयक व्यवसायाच्या खात्यातून भरावे, आणि दोन आठवड्यांची वापरनोंद दरवर्षी नव्याने करून देयकांसोबत ठेवावी. पुस्तके आकारणी वर्ष संपल्यापासून ६ वर्षे जपण्याचा नियम होता. तेवढा काळ हे कागदही जपावेत.

वर दिलेले कलम क्रमांक १९६१ च्या कायद्यातील असून आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या हिशेबांना लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर अधिनियम २०२५ आहे. त्यात कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. व्यवसायाचा खर्च वजा व वैयक्तिक खर्च वर्ज्य, हे सूत्र कायम आहे. विवरणपत्र भरताना नवे क्रमांक लेखापालांकडून तपासून घ्यावेत.

रक्कम लहान असली तरी सवय मोठी असते. इंटरनेटच्या देयकाचा वाटा ज्याने प्रामाणिकपणे काढला, त्याला वीज, भ्रमणध्वनी व वाहन यांचा वाटा काढणे अवघड जाणार नाही. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी दुकानदारांनी येत्या महिन्यातच दोन आठवड्यांची ही नोंद करून पाहावी, अशी आमची विनंती आहे.