केसपेपरात न मावणारे

१८९५ साली ‘स्टडीज ऑन हिस्टेरिया’ या पुस्तकात फ्रॉइडने, जरा संकोचूनच, कबूल केले की आपल्या रुग्णांचे वृत्तांत कथांसारखे वाचले जातात. हा संकोच मानसोपचारात अजून टिकून आहे.

इतर शाखांत रक्त, लघवी, एक्स-रे बोलतात. इथे मुख्य पुरावा म्हणजे रुग्णाचे बोलणे. ‘जीव थाऱ्यावर नाही’ असे सांगणाऱ्या बाईचे वाक्य केसपेपरावर उतरते तेव्हा ‘अँग्झायटी, दोन महिने’ एवढेच उरते. नोंद चुकीची नसते. पण दोन महिन्यांपूर्वी घरात काय घडले, हे त्यात येत नाही. कार्ल यास्पर्सने १९१३च्या आपल्या ग्रंथात आजाराचे कारण शोधणे आणि माणसाचे मन समजून घेणे यांत फरक केला होता. औषध कोणते हे पहिल्यावरून ठरते; ती बाई ते घेईल का, हे बरेचदा दुसऱ्यावरून.

हे दुसरे शिकवायचे कसे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रिटा शॅरन (त्या मनोविकारतज्ज्ञ नव्हेत, फिजिशियन आहेत) विद्यार्थ्यांना एक समांतर केसपेपर लिहायला लावत. अधिकृत कागदावर जे लिहिता येत नाही, ते साध्या भाषेत त्यात लिहायचे आणि गटात वाचून दाखवायचे.

आपल्याकडे यासाठी ‘अस्तु’सारखा चित्रपट हाताशी आहे. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि या विषयाचे प्राध्यापक. आप्पा हत्तीमागे निघून जातात. मुलगी इरा हरवलेल्या वडिलांना शोधते. माहुताची बायको मात्र समोर आलेल्या म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते. तिला निदान ठाऊक नाही. या माणसाने काय गमावले, हे लक्षणांची यादी सांगते. काय शिल्लक आहे, हे त्या बाईकडे पाहून शिकावे लागते, आणि नातेवाईक दवाखान्यात नेमके तेच विचारतात.

माझ्या मते वर्गात वाईट चित्रपटही दाखवावेत. जुन्या हिंदी सिनेमातला, शुद्धीतल्या माणसाला बांधून दिलेला शॉक अनेकांच्या डोळ्यांसमोर असतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धती वापरायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. तरीही ‘शॉक नको’ म्हणत नातेवाईक उठू लागतात. अशा वेळी कायद्याचे कलम सांगण्याआधी, त्यांनी कोणते दृश्य पाहिले आहे, हे डॉक्टरने विचारायला हवे.