वीस मिनिटांनी बंद पडणारं इंजिन

आमच्या सांवेरला नदी आहे, पण पावसाळा सोडला तर नाव चालवावी असं पाणी काही तिला नसतं. त्यामुळे दिवाळीला मी पुण्याहून घरी आले आणि नानांच्या वर्कशॉपमध्ये नावेचं इंजिन बघितलं, तेव्हा मला वाटलं कुणीतरी भंगारात आणून टाकलंय.

नाना म्हणजे माझे आजोबा. सांवेरला गेली कित्येक वर्षं ते शेतीचे पंप, मोपेड, स्कूटर दुरुस्त करतात. उलटे हनुमानाच्या दर्शनाला आलेल्या लोकांच्या गाड्या रस्त्यात बंद पडल्या की तेही नानांकडेच येतात. पण नावेचं इंजिन मी पहिल्यांदाच बघत होते. ते आलं होतं महेश्वरहून, म्हणजे इथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरून, एका पिकअपमध्ये गोणपाटात गुंडाळून. मालक महेश्वरचे एक नावाडी. पूर्वी त्यांच्या भावाचा शेतीचा पंप नानांनी चालू करून दिला होता, तेव्हापासूनची ओळख.

त्यांची तक्रार अशी. सकाळी घाटावर दोरी ओढली की इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू. पंधरा-वीस मिनिटं उत्तम चालतं आणि मग एकदम बंद. कितीही दोरी ओढा, हूं की चूं नाही. अर्ध्या तासानं परत चालू, जणू काही झालंच नव्हतं.

“मास्टरजी, पिछले हफ्ते बाणेश्वर के आगे बंद हुआ,” ते सांगत होते. “पाँच सवारी थी, दो बच्चे.”

महेश्वरला गेलेल्यांना ठाऊक असेल, बाणेश्वराचं छोटं मंदिर नर्मदेच्या पात्रात मधोमध बेटावर आहे. घाटावरून नावेत बसून लोक तिथे जातात. नदी तिथे शांत दिसते, पण पाणी वाहतं असतं आणि खालच्या अंगाला सहस्रधारेचे खडक आहेत. त्या दिवशी वल्ही नावेतच होती आणि दुसऱ्या नावाड्यानं दोर टाकला, म्हणून निभावलं. आता कार्तिक पौर्णिमा तोंडावर आलेली. त्या दिवशीची गर्दी म्हणजे त्यांच्या घरची कित्येक दिवसांची कमाई. पण तसलं इंजिन घेऊन माणसं बसवायची कशी?

तोवर त्यांनी तीन प्लग बदलले होते, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला होता, पेट्रोलची नळी नवी टाकली होती. पैसे गेले, दुखणं तिथेच.

ठिणगी येते कुठून?

पुढचं समजायला थोडी माहिती हवी. नर्मदेवर असो की कोकणात, मोठ्या नावांना बहुतेक डिझेल इंजिन असतं. डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबलेल्या गरम हवेतच ते पेटतं. नावेच्या मागे लटकवायची लहान पेट्रोल इंजिनं मात्र ठिणगीवर चालतात. अशी इंजिनं लोकप्रिय केली ती अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड यांनी, १९०९च्या सुमारास.

नानांच्या टेबलावरचं इंजिन जुनं जपानी होतं. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, ५ हॉर्सपॉवर. त्याला बॅटरी नाही, तरी ठिणगी पडते. कारण वरच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, लोहचुंबक बसवलेले असतात. आपण दोरी ओढतो, चाक फिरतं, चुंबक कॉइलजवळून जातात आणि कॉइलच्या जाड तारेत वीज तयार होते. नेमक्या क्षणी ‘पॉइंट’ नावाची दोन छोटी टोकं एकमेकांपासून उघडतात आणि तो प्रवाह तुटतो. त्या तुटण्याच्या झटक्यानं कॉइलमधल्या दुसऱ्या, केसासारख्या बारीक तारेत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. या सगळ्याला मिळून मॅग्नेटो म्हणतात. मोटारींना उपयोगी पडेल असा जास्त व्होल्टचा मॅग्नेटो बॉश कंपनीतल्या गोटलोब होनोल्ड यांनी १९०२मध्ये तयार केला. त्याच बॉशची भारतातली कंपनी १९५१मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव मायको. आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा, स्कूटरच्या डिकीत एक जास्तीचा मायको प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा हमखास असायचा.

हे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतात आणि मिटतात. तेवढ्याच ठिणग्या. त्या थांबल्या की नाव थांबली.

आधी विचारायचं, मग बदलायचं

मी इंजिनिअर असले तरी माझं काम संगणकावरचं. मी लगेच म्हणाले, “नाना, सगळी इग्निशनच बदलून टाकू या ना. ऑनलाइन मागवते.”

नाना हसले. “बेटा, काय बिघडलंय ते कळल्याशिवाय काय मागवणार? त्यांनी तीन प्लग असेच मागवले.”

त्यांनी जो क्रम लावला, तो मी वहीत लिहून घेतला.

पहिलं, इंजिन बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल तरी इंजिन असंच काही वेळानं बंद पडतं आणि थोडं थांबलं की चालू होतं. म्हणूनच सगळे कार्बोरेटरच्या मागे लागले होते. पण त्या बिघाडात प्लग कोरडा निघतो.

दुसरं, प्लग वायरला जोडून त्याचं लोखंडी अंग इंजिनला टेकवायचं, दोरी ओढायची आणि ठिणगी बघायची. हे करताना पेट्रोल लांब ठेवायचं, सांडलेलं पुसून घ्यायचं आणि वायर हातात न धरता रबरी मुठीच्या पक्कडीनं धरायची.

तिसरं, बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघायची. मॅग्नेटोचं इंजिन बंद होतं ते वीज तोडून नाही, तर ती इंजिनच्या अंगात उतरवून. म्हणजे ही वायर कुठे सोलवटून लोखंडाला टेकली, की बटण न दाबताच इंजिन बंद!

चौथं पॉइंट, आणि पाचवं मल्टीमीटर लावून कॉइल.

आम्ही हे सगळं केलं. प्लग ठीक. ठिणगी निळी, टणटणीत. वायर ठीक. पॉइंट थोडे झिजलेले, पण चालण्याजोगे. कॉइलचं मापही योग्य. मी म्हणाले, “नाना, यात काहीच बिघाड नाही.”

“थंड आहे तोवर नाही,” नाना म्हणाले.

ड्रममधली नर्मदा

दुसऱ्या दिवशी अंगणात मोठा ड्रम पाण्यानं भरला आणि इंजिन त्यात उभं केलं. अशी इंजिनं पाण्याबाहेर चालवायची नसतात. खालून पाणी ओढूनच ती थंड राहतात, कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा जळतो. आणि धुरामुळे हे काम बंद शेडमध्येही करायचं नाही. आजीनं नळाची पाइप ड्रममध्ये सोडून ठेवली, कारण ड्रममधलं पाणी लवकर तापतं.

इंजिन चालू झालं. मी मोबाइलवर वेळ लावली. बाविसाव्या मिनिटाला ते बंद पडलं.

आता घाई. प्लग काढला, तो पेट्रोलनं ओला. ठिणगी बघितली, नाही. बटणाची वायर सोडवली, तरी नाही. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट बघितले, ते व्यवस्थित उघडत होते. प्लगच्या वायरीचं टोक आणि इंजिनचं अंग यांना मल्टीमीटर लावला. सकाळी इथेच काही हजार ओहम दिसले होते. आता मीटर काहीच दाखवेना. म्हणजे आत तार तुटलेली.

आम्ही चहा घेतला. अर्ध्या तासानं परत मोजलं, तर माप पहिल्यासारखं!

कॉइलमधली ती बारीक तार कुठेतरी तुटली होती, पण थंड असताना तिची टोकं एकमेकांना टेकून राहत. या इंजिनात कॉइल फ्लायव्हीलखालीच असते, त्यामुळे इंजिन तापलं की तीही तापते. गरमीनं सगळं थोडं प्रसरण पावलं की टोकं सुटत. घाटावरच्या मेकॅनिकपर्यंत इंजिन पोचेतो ते थंड झालेलं असायचं आणि त्याला सगळं ठीकच दिसायचं. त्याची तरी काय चूक?

काय टाकायचं?

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, पॉइंट नकोतच, सीडीआय बसवू. सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. त्यात वीज एका कपॅसिटरमध्ये साठवून योग्य क्षणी कॉइलमध्ये सोडतात. झिजणारे पॉइंट नाहीत, ठिणगी जोरदार. पुढे पुष्कळ मोटरसायकलींवर हीच पद्धत आली.

नानांनी ते नाकारलं नाही. “चांगलंच आहे. पण नुसता डबा बदलून भागत नाही. त्याला आतल्या कॉइल वेगळ्या लागतात, पुष्कळदा फ्लायव्हीलही वेगळं. एवढा खर्च त्यांना झेपेल? आणि डबा गेला तर ते नदीत काय करतील? पॉइंट बिघडले तर कानस मारून घरी तरी येतील.”

मग ठरलं: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, प्लगची वायर आणि टोपी, सगळं नवं. एकाच वयाचे भाग, कॉइल गेली तर बाकीचे किती दिवस टिकणार? इंदूरला भाग मिळाले नाहीत. रत्नागिरीच्या मावशीला फोन केला. मिरकरवाडा बंदर तिच्या घराजवळ आहे, आणि कोकणात लहान होड्यांना अशी इंजिनं पुष्कळ. तिच्या ओळखीच्या दुकानदारानं इंजिनवरचा नंबर मागितला आणि चौथ्या दिवशी पार्सल सांवेरला आलं. दुकानदार फोनवर म्हणाला, “तुमचं गोडं पाणी आहे म्हणून एवढी वर्षं टिकलं. आमच्याकडे खारं पाणी तार खाऊन टाकतं.”

फ्लायव्हील काढायला नाना हातोडा मारू देईनात. त्यानं दांडा वाकू शकतो आणि चुंबकही कमजोर होतात. पुलर लावूनच काढलं. चाकाला जागेवर धरणारी अर्धगोल चावी तपासली. ती चिरली असेल तर चाक किंचित सरकतं आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. पॉइंटमधली फट फीलर गेजनं लावली, आमच्या पुस्तिकेप्रमाणे ०.३५ मिलीमीटर. प्रत्येक इंजिनचं माप वेगळं, त्यामुळे पुस्तिका बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. पॉइंट उघडणाऱ्या भागाला ग्रीसचा अगदी ठिपका, जास्त लावलं तर उडून पॉइंटवरच बसतं.

मी सगळं बंद केलं, दोरी ओढली. ठिणगीच नाही! नवे भाग, आणि तरीही शून्य. मी दुकानदाराला फोन लावायला निघाले, तर नाना म्हणाले, “वही काढ.”

प्लग, मग वायर… तिसऱ्या ओळीवर सापडलं. बंद करायच्या बटणाची वायर मी प्लेटखाली चिमटून टाकली होती. तिचं रबर फाटून ती लोखंडाला टेकली होती. नाना काही बोलले नाहीत, फक्त इन्सुलेशन टेप पुढे सरकवली.

परत घाटावर

ड्रममध्ये इंजिन पाऊण तास चाललं. मग आम्ही ते घेऊन महेश्वरला गेलो. पहिली फेरी सवाऱ्या न घेता, अंगावर लाइफ जॅकेट, वल्ही जवळ आणि शेजारून दुसरी नाव. घाट ते बाणेश्वर, परत घाट, असं तासभर. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

नंतर नानांनी नावाड्यांना पायरीवर बसवून पॉइंट कसे बघायचे ते दाखवलं. एका डब्यात प्लग, पाना, बारीक कानस, जुने पण चालणारे पॉइंट भरून दिले. बटणाजवळची लाल दोरी काढून कुठेतरी अडकवली होती, ती त्यांच्या मनगटाला बांधायला लावली. नाव चालवणारा पाण्यात पडला तर ती दोरी ओढली जाते आणि इंजिन आपोआप बंद होतं, फिरता पंखा कुणाला लागत नाही.

आपण सगळेच ओंकारेश्वर, महेश्वर, हनुवंतियाला मुलांना घेऊन जातो. नावेत बसण्याआधी एवढं बघा: प्रत्येकाला जॅकेट आहे का आणि ते अंगात घातलंय का, नावेत वल्ही आहेत का, दोर आहे का, चालवणाऱ्याच्या हाताला ती लाल दोरी आहे का. इंजिन मध्येच बंद पडलं तर उभं राहू नका, एका बाजूला जमू नका. आणि “इंजिन कसं चालतंय?” असं दादांना विचारायला लाजू नका. चांगला नावाडी खरं सांगतो.

कार्तिक पौर्णिमेला मी पुण्यात परत आले होते. रात्री नानांचा फोन आला. महेश्वरहून निरोप होता, दिवसभर फेऱ्या झाल्या, इंजिन ठीक आहे.

“आणि वही कुठे आहे तुझी?” त्यांनी विचारलं. “शेजारच्यांचा पंप बंद पडलाय. पुढच्या वेळी आलीस की तू बघ.”