मंगळावरून ईदचा चाँद दिसेल का?

रमजानची एकोणतिसावी आली की मगरिबनंतर साऱ्या नजरा पश्चिमेकडे लागतात. समजा, त्या संध्याकाळी आपण मंगळावर उभे आहोत. काय दिसेल?

दिवसभर धुळीने पिवळट-तांबूस असलेले आकाश मावळत्या सूर्याभोवती निळसर होते. मग तारे दिसू लागतात, तेही आपल्या ओळखीचे. तारे इतके दूर आहेत की मंगळावर गेल्याने मृग किंवा सप्तर्षींचा आकार बदलत नाही. मात्र ध्रुवतारा तिथे उत्तर दाखवत नाही. मंगळाचा अक्ष वेगळ्या दिशेला रोखलेला आहे. तिथली उत्तर डेनेब आणि अल्डेरामिन या ताऱ्यांच्या दरम्यान येते. ही दोन्ही नावे मूळ अरबी. डेनेब म्हणजे ‘जनब’, शेपूट.

मंगळाला चंद्र दोन. डिमॉस एखाद्या ठळक ताऱ्यासारखा दिसतो. फोबोस अवघ्या ७ तास ३९ मिनिटांत मंगळाला फेरी घालतो, म्हणून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. त्याच्या कोरीवर महिने मोजले, तर एका दिवसात तीन महिने उलटतील!

मग रोजे कसे धरायचे? किब्ला कुठे? मुलांनी असे विचारले तर त्यांना गप्प करू नये. आलिमांनी अशा प्रश्नांचा विचार केलेला आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर रमजानमध्येच अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासाठी मार्गदर्शन तयार झाले: नमाजच्या वेळा उड्डाणाच्या ठिकाणाप्रमाणे धराव्यात, काबेकडे तोंड करणे शक्य नसेल तर पृथ्वीकडे करावे, तेही जमले नाही तर शक्य त्या दिशेला.

मंगळावरून ती पृथ्वी कशी दिसते? ३१ जानेवारी २०१४ रोजी क्युरिऑसिटी या यानाने सूर्यास्तानंतर सुमारे ८० मिनिटांनी छायाचित्र घेतले. सुमारे १६ कोटी किलोमीटरवरून पृथ्वी शुक्राच्या चांदणीसारखा एक ठिपका दिसते, आणि तिला लागून आणखी एक अंधूक ठिपका. तोच आपला ईदचा चाँद. मक्का, मदिना, आपले गाव, आपले घर, सारे त्या एका ठिपक्यात.

चाँद पाहायला गच्चीवर जाल तेव्हा मुलांनाही न्या. मंगळ आकाशात असेल तर तो तांबूस ठिपका त्यांना दाखवा आणि तिथून आपण कसे दिसत असू, हे त्यांनाच विचारा.